घरात आजारपण, पायांना भिंगरी

संध्याकाळी पाचच्या सुमारास आजोबा डायलिसिसहून परततात, तेव्हा त्यांना फक्त आडवं व्हायचं असतं. चार तास मशीनला जोडून राहिल्यावर अंगात त्राणच उरत नाही. आणि नेमकी तीच वेळ चार वर्षांच्या नातवाच्या अंगात वारं शिरण्याची! दुपारची झोप झालेली, पोटात दूध-बिस्किट गेलेलं, आणि उडी मारायला समोर सोफा. पलीकडे आजी शुगर तपासायला बसलेली. थॅलेसेमिया असलेल्या ताईला पुढच्या रक्ताची तारीख जवळ आल्यामुळे मलूल वाटतंय. काकू बाळंतपणाला टेकलेली. मग घरातल्या प्रत्येक तोंडातून तेच निघतं, "हळू! आजोबा झोपलेत. शहाण्यासारखं बस एका जागी."

ज्या घरात दोन-तीन आजार एकाच वेळी मुक्कामाला आहेत, त्या घरातल्या आईवडिलांना मला कळकळीने सांगायचं आहे. या मुलाला गप्प बसवण्यात तुमची जेवढी शक्ती जाते, तेवढीच त्याच्या धावण्यासाठी दिवसात जागा काढण्यात घाला. आजोबांचे मंगळवार, गुरुवार, शनिवार ठरलेले असतात. त्या वेळा लग्नकार्यासाठीही हलत नाहीत. मुलाच्या खेळाची वेळ मात्र घरात सगळ्यांत आधी बळी पडते. ती बळी पडली की संध्याकाळचा धिंगाणा ठरलेलाच, मग त्याला हट्टी म्हणा, वांड म्हणा नाहीतर द्वाड.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधली मुलं तान्हेपणापासून पुढे वर्षानुवर्षं अभ्यासली. मूल जन्मतःच आपला स्वभाव घेऊन येतं, हे त्यांनी ठामपणे मांडलं. किती हालचाल करतं, किती जोरात रडतं-हसतं, नव्याला कसं सामोरं जातं, एका गोष्टीला किती वेळ चिकटतं, अशी नऊ अंगं त्यांनी सांगितली. सांभाळायला अवघड म्हणावीत अशी मुलं त्यांना साधारण दहात एक दिसली. पण त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. अवघड स्वभावाचं प्रत्येक मूल पुढे बिघडत नाही. त्याचा स्वभाव आणि त्याच्या भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असतं. आजारपणाच्या घराची अपेक्षा शांततेची आणि मुलाचा स्वभाव वाऱ्याचा. मेळ बसवायचं काम मोठ्यांचं, कारण चार वर्षांच्या मुलाला ते जमणारच नाही.

सुरुवात भिंतीवरच्या कालनिर्णयपासून करा. डायलिसिसच्या वारांवर लाल टिकली आणि ताईला रक्त चढवायच्या तारखेवर निळी लावा. त्याच चौकोनांत मुलाच्या नावाची पिवळी टिकली, म्हणजे त्या दिवशी त्याला मैदानावर नेणार. या टिकल्या त्याच्याच हातून लावून घ्या. वार त्याला वाचता येत नाहीत, पण रंग कळतात. "आज लाल आणि पिवळी दोन्ही आहेत" हे एकदा कळलं की आई सकाळीच घराबाहेर का पडली, याचा धक्का कमी होतो आणि संध्याकाळी आपलंही काही ठरलंय, याचा भरवसा बसतो. पिवळी टिकली सहसा मोडू नका. मोडावीच लागली तर दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात त्याच्यासमोर लावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी केलेल्या शिफारशी सांगतात की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं शारीरिक हालचाल हवी आणि त्यातली किमान ६० मिनिटं चांगली दमवणारी हवी. झोप १० ते १३ तास. मोबाइल-टीव्ही मिळून एका तासाच्या आत. आजारपणाच्या घरात या तिन्ही आकड्यांची नेमकी उलटापालट होते. मूल शांत राहावं म्हणून मोबाइल हातात दिला जातो, त्यामुळे हालचाल होत नाही, ती झाली नाही म्हणून रात्री अकरापर्यंत झोप येत नाही आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड दुप्पट. रुग्णालयाच्या रांगेत अर्धा तास कार्टून लावून दिलं म्हणून कुणी अपराधी वाटून घेऊ नये. रोजची संध्याकाळ मात्र त्यावर काढू नका.

तीन तास हालचाल कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. इथे मोठ्या कुटुंबाचा आणि शेजाराचा उपयोग होतो, पण तो करून घ्यावा लागतो. आजारपणात भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना म्हणतो, "काही लागलं तर सांगा हं." त्यांना खरंच सांगा, आणि मोघम सांगू नका. "वहिनी, मंगळवार-गुरुवार-शनिवार साडेपाच ते सात तुमच्या मुलांबरोबर याला मैदानावर न्याल का?" असं नेमकं काम सांगितलं की माणसं आनंदाने करतात. फळांची पिशवी आणण्यापेक्षा ही मदत कितीतरी मोठी. आतेभाऊ, मामा, कॉलेजात जाणारी मावशी, ज्याला जी वेळ जमेल ती त्याची. मुलाला धावायला मिळतं आणि आजोबांना नेमक्या त्याच वेळी निवांतपणा मिळतो.

घरातल्या घरात ओझ्याची कामं फार कामी येतात. पाण्याने अर्धी भरलेली छोटी बादली बाथरूमपासून झाडांपर्यंत नेणं, कणकेचा मोठा गोळा तिंबणं, ओले कपडे पिळणं, उशा एका खोलीतून दुसरीत ढकलत नेणं. अशा मुलांचं शरीर जोर लावला की निवतं. मारिया माँटेसोरी यांच्या शिक्षणपद्धतीत मुलांना खरीखुरी घरगुती कामं देण्यावर भर होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडीचं जे काम उभं केलं, त्यामागेही मूल हाताने करत करत वाढतं हीच श्रद्धा होती. आजारपणाच्या घरात खऱ्या कामांना तोटा नसतो, फक्त ती मुलाच्या हाताजोगी करून द्यावी लागतात.

आजोबांच्या पाण्याचंच घ्या. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभरात किती पाणी चालेल, याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. आणि प्रेमळ नातू "आजोबा, पाणी" म्हणत दर तासाला पेला घेऊन येतो! त्याला "नको, जा" म्हणून परतवलं की तो हिरमुसतो आणि पुढच्या मिनिटाला काहीतरी आपटतो. त्यापेक्षा सकाळीच आजोबांचं दिवसाचं पाणी मोजून एका बाटलीत भरा आणि त्या बाटलीतून छोट्या कपात ओतून देण्याचा मान त्याला द्या. बाटली संपली की आजचं पाणी संपलं, हे त्यालाही दिसतं. खाण्याचा नियम मात्र कडक ठेवा. आजोबांना काहीही भरवण्याआधी आईला किंवा काकूला विचारायचं. केळं आणि शहाळ्याचं पाणी एरवी किती गुणाचं, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं.

"आजोबांच्या हाताला लोंबकळू नकोस" हेही दिवसातून दहादा सांगण्यापेक्षा एकदा नीट दाखवा. डायलिसिससाठी हातात केलेल्या फिस्टुलावर हलकेच बोट ठेवलं की आत घरघर जाणवते. मशीन नसलेल्या दिवशी, हात स्वच्छ धुऊन आणि आजोबांची परवानगी घेऊन, त्याला ती एकदा जाणवू द्या. "हा आजोबांचा मशीनचा हात. याला ओढायचं नाही, दाबायचं नाही. खेळायला हा दुसरा हात." कारण कळलेला नियम चार वर्षांचं मूल आश्चर्य वाटावं इतकं पाळतं, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही तोच नियम ठणकावून सांगतं.

आता बोलण्याविषयी. या वयाच्या मुलाला वाटतं की जगात जे घडतं ते आपल्यामुळे घडतं. रागाच्या भरात तो ताईला "तू जा" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ताई रुग्णालयात भरती झाली, तर त्याच्या मनात या दोन गोष्टींची गाठ पक्की बसते. ही गाठ तो बोलून दाखवत नाही, वागून दाखवतो. म्हणून तीन गोष्टी त्याला पुन्हा पुन्हा, साध्या शब्दांत सांगायच्या: हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही, ताईजवळ बसल्याने तो तुला होणार नाही, आणि ताईची काळजी घ्यायला डॉक्टर, आई, बाबा असे खूप जण आहेत. "ताईच्या शरीरात पुरेसं रक्त तयार होत नाही. म्हणून दर काही आठवड्यांनी डॉक्टर तिला दुसऱ्यांनी दिलेलं रक्त देतात. मग तिला खेळायला ताकद येते." एवढं पुरतं. त्याने विचारलं तर आणखी सांगा, नाही विचारलं तर थांबा.

आपल्या घरांमध्ये दोन वाक्यं फार सहज बोलली जातात आणि ती कायमची बंद व्हायला हवीत. पहिलं, "दंगा केलास तर डॉक्टरकाका सुई टोचतील." ज्या घरात ताईला वरचेवर सुई टोचली जाते, तिथे या वाक्यातून मुलाला काय कळतं? ताईने काहीतरी वाईट केलं म्हणून तिला ही शिक्षा मिळाली. दुसरं वाक्य याहून वाईट, "बघ, तुझ्यामुळे आजोबांचं बीपी वाढलं." हे कुणीही, कितीही थकलेलं असलं तरी बोलू नये. उद्या आजोबांना खरंच रुग्णालयात न्यावं लागलं तर ते ओझं एवढंसं पोर कुठे उतरवून ठेवणार? घरातल्या सगळ्या मोठ्यांना एकत्र बसवून हे सांगा. आजीला सांगताना आदराने सांगा, पण सांगाच.

ताईसाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार चालू असेल तर धाकट्याची तपासणी होते. एकाच आईवडिलांच्या दोन मुलांची अस्थिमज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के असते. तपासणी रक्ताची किंवा गालाच्या आतल्या लाळेची असते. ती कशासाठी, हे त्याला थोडक्यात सांगा. पण "आता तूच ताईला वाचवणार" हे वाक्य कुणाच्या तोंडून निघू देऊ नका. नाही जुळलं तर तो हरल्यासारखा होतो, आणि जुळलं तर पुढचं सगळं यश-अपयश त्याच्या खांद्यावर येतं.

घरात पाच मोठी माणसं आणि पाच तऱ्हेचे नियम, ही एकत्र कुटुंबाची जुनी तक्रार. आजारपणात ती वाढते, कारण आज मूल कुणाच्या ताब्यात असेल याचा नेम नसतो. सगळ्यांनी सगळ्याच बाबतीत एकसारखं वागावं, हा आग्रह मी धरणार नाही. ते होत नाही आणि त्यापायी भांडणं मात्र होतात. तीन नियम तेवढे सगळ्यांचे एक ठेवा. औषधांना हात नाही. नळ्या, सुया, मशीन यांना हात नाही. आणि सांगितल्याशिवाय दाराबाहेर पाय नाही. आजीच्या खोलीत चॉकलेट मिळतं आणि आईजवळ मिळत नाही, हे मूल सहज पचवतं. काल ज्यावर सगळे हसले त्याच गोष्टीला आज थप्पड मिळाली, हे त्याला पचत नाही.

औषधांवर मात्र थांबून बोलायला हवं, कारण अशा घरातला खरा धोका तिथे आहे. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एकच गोळी लहान मुलाची साखर जीवघेणी उतरवू शकते आणि परिणाम काही तासांनी दिसू शकतो, तोवर मूल खेळत असतं. काकूच्या लोहाच्या गोळ्या आणि आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या याही तितक्याच घातक. आणि या गोळ्या असतात कुठे? आजीच्या उशाखाली, पर्समध्ये, जेवणाच्या टेबलावर वाटीत काढून ठेवलेल्या. सात दिवसांचे कप्पे असलेली प्लास्टिकची डबी तर चळवळ्या मुलाला खेळणंच वाटते, आणि ती उघडायला त्याला क्षण लागत नाही. घरातली सगळी औषधं एका कुलपाच्या कपाटात ठेवा आणि किल्ली उंचावर टांगा. गोळी ज्याची त्याने समोर घ्यायची, काढून ठेवायची नाही. मुलाला औषध पाजताना "गोड गोड खाऊ आहे" असं कधीही म्हणू नका. इन्शुलिनच्या वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात टाका. घरी ऑक्सिजनचं यंत्र असेल तर त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, काडेपेटी काहीही पेटवायचं नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर ते हलवा.

मुलाने गोळी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि थेट रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा. मूल ठणठणीत दिसतंय म्हणून वाट पाहू नका.

लसीकरणाकडेही लक्ष असू द्या. घरात कुणाचं प्रत्यारोपण झालं असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर मुलाला पोलिओचे थेंब देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना तसं सांगा. तोंडावाटे दिलेल्या लसीतला जिवंत विषाणू मुलाच्या शौचातून बाहेर पडतो, म्हणून अशा घरांत पोलिओची इंजेक्शनवाटे द्यायची लस सुचवली जाते. घरच्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घेण्याबद्दलही विचारा.

इतकं करूनही मूल एखाद्या संध्याकाळी जमिनीवर लोळून किंचाळणारच. त्या वेळी समजावू नका, त्याला ऐकूच येत नसतं. आजारी माणसापासून लांब दुसऱ्या खोलीत न्या, त्याच्या उंचीवर बसा, कमीत कमी बोला. "तुला राग आलाय. मी इथे आहे." मारू पाहत असेल तर हात धरा, पण जोर लावून दाबू नका. शांत झाल्यावर पाणी द्या, जवळ घ्या आणि काय झालं ते दोन वाक्यांत बोला. ज्या मागणीवरून किंचाळला ती मात्र शांतता विकत घेण्यासाठी पुरवू नका. आजोबा झोपलेले असताना हा मोह फार होतो, हे मला माहीत आहे. पण आजोबांच्या झोपेची किंमत मोबाइल, हे गणित मूल दोन दिवसांत शिकतं.

याच्या उलट बाजूचं काम रोज करायचं. पालक आणि बालक यांच्यातला संवाद सुधारणारी एक नावाजलेली उपचारपद्धत आहे. तिच्यात आईवडिलांना गृहपाठ म्हणून रोज फक्त पाच मिनिटांचा खेळ दिला जातो. खेळ मुलाने निवडायचा, मोठ्यांनी हुकूम सोडायचे नाहीत, प्रश्नांची सरबत्ती करायची नाही, चुका काढायच्या नाहीत. तो जे करतोय ते आवडीने बघायचं आणि बोलून दाखवायचं. "अरे वा, मनोरा केवढा उंच केलास!" फोन दुसऱ्या खोलीत. ही पाच मिनिटं चांगल्या वागण्याचं बक्षीस नव्हेत, म्हणून वाईट दिवशीही ती काढून घ्यायची नाहीत. ताईला रुग्णालयात घेऊन गेलेल्या दिवशी बाबांनी द्यावीत, बाबा नसतील तर काकांनी.

बघाल तर पुष्कळदा या खेळात डॉक्टर येईल. बाहुलीला सुई, टेडीला सलाईन, कधी बाहुली मरतेही. घाबरून खेळ बदलू नका. मनातलं बाहेर काढायची त्याची तीच वाट आहे. बिनसुईची नवी सिरिंज, पट्टी, जुनी नळी त्याला खुशाल द्या.

एखाद्या रात्री अचानक धावपळ होईल, तिची तयारी आजच करा. १०८ ला फोन कोण करणार, फाइल कुठे असते, बरोबर कोण जाणार हे बहुतेक घरांत ठरलेलं असतं. मुलाजवळ कोण थांबणार, हे ठरलेलं नसतं. एक नाव ठरवा आणि त्या माणसाने त्या रात्री दुसरं कुठलंही काम करायचं नाही. सकाळी रिकामा पलंग दिसण्याआधी मुलाला जवळ घेऊन सांगा, "रात्री आजोबांना बरं वाटत नव्हतं. त्यांना डॉक्टरांकडे नेलंय. आई त्यांच्याजवळ आहे. दुपारी आई तुला फोन करेल." बहुतेक वॉर्डांत एवढ्या लहान मुलांना सोडत नाहीत, म्हणून व्हिडिओ कॉल करा, पण आधी रुग्णाचा चेहरा, नाकातली नळी कशी दिसेल ते सांगा. वाईट बातमी आलीच तर "आजोबा झोपले" किंवा "गावाला गेले" असं सांगू नका. झोपण्याचीच भीती बसलेली, किंवा रोज दाराशी वाट पाहणारी मुलं यातूनच तयार होतात. "आजोबांचं शरीर खूप आजारी होतं. ते आता बंद झालं. ते मेले. आता ते परत येणार नाहीत, आपण त्यांची आठवण काढू." ऐकायला कठोर वाटेल, पण मुलाला हेच समजतं. ते कायमचं आहे हे त्याला अजून उमगत नाही, म्हणून महिनाभर रोज तोच प्रश्न विचारेल आणि रोज तेच उत्तर द्यावं लागेल.

बिछाना ओला होणं, बोबडं बोलणं, अंगठा चोखणं असं मागे जाणं ताणाच्या काळात नेहमीचं असतं आणि न रागावता बहुधा ओसरतं. पण नाव घेतल्यावर लक्ष जात नसेल, येत असलेलं बोलणं गेलं असेल, घोरून-दचकून झोपमोड होत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याइतका आवेग येत असेल, किंवा अंगणवाडीतल्या ताईंनाही तीच काळजी वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांमध्ये येऊन मुलं तपासतात आणि गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, हे उपचार मोफत असतात. तुम्हालाच रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. मुलाला डॉक्टरांकडे नेलंत की त्याचा दंगा सांगण्याआधी घरात कोण कोण आजारी आहे, गेल्या सहा महिन्यांत किती वेळा घर रुग्णालयात गेलं आणि मूल दिवसभर कुणाकुणाच्या हाती असतं, हे सांगा. एवढं कळल्याशिवाय त्या दंग्याचा अर्थ लावणं डॉक्टरांनाही अवघड जातं.